तिसऱ्या टीशर्टचा मुंढा

गोळी : …आणि सगळ्यांना एकाच मापाचे दिलेत गं. माझ्यात मी आणि माझा नवरा, दोघं मावू.

मास्तर : मावाल की. पण पळणार तू एकटी. ठेव तिथे ढिगावर. सकाळपासून असे एकतीस टीशर्ट आलेत. ही बाजू आत घ्या, ती बाही वर घ्या. गावातल्या सगळ्या बायकांच्या मागे एकदम काय लागलंय, कळत नाही.

गोळी : मागे काही लागलेलं नाही. धर्मादाय इस्पितळाला डायलिसिसची आणखी दोन मशीनं हवीत, त्यासाठी आहे. रविवारी सकाळी पाच किलोमीटर. जमेल ते सगळं मशीनला.

मास्तर : माहितीय मला. माझ्याच दुकानाच्या भिंतीवर कागद डकवून गेलेत, न विचारता. चहा ओतू?

गोळी : ओत. साखर नको पण.

मास्तर : हे कधीपासून?

गोळी : डॉक्टर म्हणाल्या…

मास्तर : दातवाली.

गोळी : डॉक्टर म्हणाल्या, संध्याकाळची साखर सोडून बघ महिनाभर.

मास्तर : दातांची डॉक्टर आहे, तिने दातांपुरतं बोलावं. दातांच्या खाली उतरला की चहा माझा. बावीस वर्षं दोन चमचे घालतेय तुझ्या कपात. पडला एखादा दात?

गोळी : बरं, घाल एक चमचा.

मास्तर : नको. उद्या दाढ दुखली तर माझं नाव निघायचं.

गोळी : मास्तर, पाच महिने तू हेच करतेयस.

मास्तर : मी काय करतेय? मी शिवतेय. एकटीच शिवतेय. आधी साडेसात वाजले की कोणीतरी या स्टुलावर येऊन बसायचं, औषधाच्या दुकानात आज कोण खोकलं, कोण रडलं, कोण मालकाशी भांडलं, सगळं सांगायचं. ते कोणीतरी आता नऊला झोपतं. का, तर पहाटे साडेपाचला दातवाली खाली येऊन शिट्टी मारते.

गोळी : शिट्टी नाही मारत. मिस्ड कॉल देतात.

मास्तर : किती गं तो सभ्यपणा.

गोळी : तुला विचारलं होतं. अगदी पहिल्या दिवशी, इथेच. काय म्हणालीस आठवतंय? ‘पळायला माझ्यामागे कुत्रं लागलंय का?’

मास्तर : ते बोलायची पद्धत असते. माणसाने परत विचारायचं असतं.

गोळी : परत विचारलं होतं. तेव्हा गुडघा दुखत होता तुझा.

मास्तर : दुखत होता. आता नाही दुखत. तिसऱ्यांदा विचारलंस?

गोळी : दे तो चहा. गार होतोय.

मास्तर : कसा लागतोय?

गोळी : काढ्यासारखा.

मास्तर : पी. डॉक्टरांना बरं वाटेल.

गोळी : हे बघ, तीन टीशर्ट आहेत. हा माझा. हा डॉक्टरांचा, त्यांनी माप लिहून चिठ्ठी टाचलीय.

मास्तर : बघू. छाती बत्तीस. कंबर… ही बाई आहे की मोजपट्टी?

गोळी : आणि माझं माप परत घे जरा.

मास्तर : तुझं तोंडपाठ आहे. छाती छत्तीस, मुंढा साडेसोळा, डावा खांदा पाव इंच खाली. झोपेतून उठवून विचार.

गोळी : तरी घे ना. टेप गळ्यातच आहे तुझ्या.

मास्तर : टेप अनोळखी माणसांसाठी असते. हा तिसरा कोणाचा?

गोळी : आहे एक जण.

मास्तर : कोण?

गोळी : अजून तिचं नक्की नाही. हो म्हणालेली नाही ती. पण म्हटलं, तयार असलेला बरा.

मास्तर : म्हणजे आता तिघी.

गोळी : तिघींची नावं एकदमच दिलीत. दोनशे बारा, तेरा, चौदा. हा चौदा तिचा.

मास्तर : वा. आणि माप?

गोळी : तुझ्याच अंगाची आहे. तुझ्या मापाने कर.

मास्तर : माझ्या अंगाची म्हणजे जाडी, असंच ना?

गोळी : माझ्या तोंडात शब्द घालू नकोस. तुझ्या अंगाची म्हणजे तुझ्या अंगाची.

मास्तर : आणि स्वभावाने?

गोळी : तिरसट. तोंडाचा पट्टा चालूच असतो. पण जीव लावते.

मास्तर : अशा बाया कुठून गोळा करतेस गं?

गोळी : अशी एकच आहे.

मास्तर : मग तिला इथे येऊन माप द्यायला काय झालं? पाय मोडले? मुलखाची आळशी दिसतेय. ही पळणार पाच किलोमीटर. पहिल्याच वळणावर फतकल मारून बसेल, लिहून ठेव.

गोळी : ठेवते लिहून.

मास्तर : हसतेस काय?

गोळी : कुठे हसले.

मास्तर : रस्ता कुठून आहे?

गोळी : शाळेच्या मैदानापासून निघायचं, बाजारातून, मग पाण्याच्या टाकीवरून. आणि शेवट… इस्पितळाच्या फाटकाशी.

मास्तर : हं. या सुईत दोरा ओवून दे. या उजेडात मला दिसत नाही.

गोळी : तू अजूनही बाजारात जाताना वळसा घालून जातेस, मास्तर. तीन वर्षं झाली. इस्पितळावरून जात नाहीस.

मास्तर : त्या बाजूला सावली आहे.

गोळी : झाड नाही एक तिकडे.

मास्तर : ऐक. सात महिने त्या बाकावर माझ्याबरोबर कोण बसलं? आठवड्यातून तीनदा. आत हे मशीनला लावलेले, चार चार तास, आणि बाहेर आपण दोघी. नवरा माझा होता, पण बाकावर तू माझ्याइतकीच बसलीस. दुकान सोडून यायचीस, मालकाची बोलणी खायचीस. मी त्याबद्दल कोणाजवळ चकार शब्द काढला नाही आजवर. मला वाटायचं, ते आपल्या दोघींचं आहे. आणि आता त्याच मशीनसाठी तू पळणार, आणि कोणाबरोबर, तर दातवालीबरोबर. आणि वर ही तिसरी भवानी.

गोळी : तुला असं वाटतंय होय.

मास्तर : मला काही वाटत नाही. शनिवारी संध्याकाळी तयार असतील. घेऊन जा.

*

डॉक्टर : मी टीशर्ट न्यायला आलेय. तिला आज औषधाच्या दुकानात दोन पाळ्या लागल्यात, म्हणून मला पाठवलं.

मास्तर : या. अहो, त्या स्टुलावर नको. खुर्चीवर बसा.

डॉक्टर : स्टूल चालेल मला.

मास्तर : तुम्हाला चालेल हो. पाय हलतो त्याचा. खुर्ची घ्या.

डॉक्टर : बरं.

मास्तर : हा तुमचा, दोनशे तेरा. पडदा ओढून घालून बघा.

डॉक्टर : बघायची गरज नाही. ती सांगते, मास्तरच्या हातचं कपाटातून काढलं की डोळे मिटून घालावं.

मास्तर : आणखी काय काय सांगते?

डॉक्टर : काय सांगत नाही ते विचारा. पहिला किलोमीटर गप्प असते, दम लागतो म्हणून. दुसऱ्याला तुम्ही सुरू. मास्तर असं म्हणाली, मास्तरने तसं केलं. गिऱ्हाइकाच्या नवऱ्याला टेप दाखवून दुकानाबाहेर कसं काढलं. कोणत्या बाईला कंबर दोन इंच कमी सांगून कसं खूश केलं. पाच महिन्यांत मी माझ्या दवाखान्यातली एक गोष्ट तिला पुरी सांगू शकले नाही.

मास्तर : तुमच्या दवाखान्यात सगळ्यांची तोंडं उघडी आणि बोलत कोणीच नाही. त्यात गोष्ट कुठून येणार?

डॉक्टर : तेही खरंच. मला या गावात दीड वर्ष झालं. लोक मला रस्त्यात बघितलं की तोंड मिटून घेतात. खरंच सांगते. समोरून हसत येणारा माणूस माझ्याजवळ आला की ओठ आवळतो. औषधं घ्यायला गेले तेव्हा ती एकटीच हसली, अगदी दाढा दिसेपर्यंत. म्हणून मीच तिला विचारलं, पहाटे पळायला येतेस का.

मास्तर : तुम्ही विचारलंत? मला वाटलं, तिने.

डॉक्टर : मीच. ती म्हणाली, मास्तरला विचारून सांगते.

मास्तर : हं.

डॉक्टर : तुम्ही तिला गोळी म्हणता ना? एकदा मी म्हटलं, तर गंभीर झाली. म्हणाली, ते मास्तरने म्हणायचं.

मास्तर : असं म्हणाली?

डॉक्टर : असंच. खरं सांगू का, मला तुमचा राग यायचा. तुम्हाला बघितलंसुद्धा नव्हतं तेव्हापासून.

मास्तर : माझा? मी काय केलं?

डॉक्टर : काहीच नाही. काहीच न करता, घरी अंथरुणात पडून, तुम्ही रोज आमच्याबरोबर पाच किलोमीटर यायचात.

मास्तर : मी सहाला उठते. अंथरुणात पडून वगैरे काही नसतं.

डॉक्टर : बरं, पडून नाही.

मास्तर : चहा घेणार? साखरेचाच आहे, आधीच सांगते.

डॉक्टर : साखरेचाच द्या. मला फार आवडते. पेशंटसमोर घेता येत नाही.

मास्तर : कमाल आहे. बाकी, त्या तिसरीचा नाही का राग येत तुम्हाला?

डॉक्टर : तिसरीचा?

मास्तर : दोनशे चौदा. ती नवीन.

डॉक्टर : ती कोण ते सांगितलं नाही तुम्हाला?

मास्तर : सांगितलं असतं तर तुम्हाला कशाला विचारत बसले असते?

डॉक्टर : मग मलाही नाही सांगता येणार. शब्द दिलाय. पण तो नीट झालाय ना? तिला त्याचीच काळजी लागलीय. माझा बिघडला तर चालेल म्हणाली.

मास्तर : तुमचा बिघडला तर चालेल, आणि तिचा नको? एवढी लाडकी?

डॉक्टर : हो. एवढी.

मास्तर : झालाय तो. मुंढ्यात, काखेपाशी, जरा आवळ लागेल म्हणावं.

डॉक्टर : आवळ? पळताना?

मास्तर : फॅशन आहे हल्ली. दोन-तीन किलोमीटरनंतर कळते.

*

मास्तर : कोण आहे एवढ्या पहाटे? अगं, तू? सव्वापाच वाजलेत. तुझी शर्यत ना आज?

गोळी : सहाला आहे. दार पूर्ण उघड. हा घे, आणि घाल लवकर.

मास्तर : हा तर दोनशे चौदा.

गोळी : हो.

मास्तर : टांग दिली ना तिने? मी बुधवारीच म्हटलं होतं. ऐनवेळी पांघरूण ओढून झोपली असेल. आणि आता मी बदली कामगार. नको गं बाई, दुसऱ्याच्या नंबरावर मी नाही येत.

गोळी : तुझ्या अंगाची. तिरसट. तोंडाचा पट्टा चालू. आणि माप द्यायला यायची गरज नाही, कारण दुकानातच बसलेली असते. दिवसभर कापडाचे तुकडे जोडतेस मास्तर, एवढे चार तुकडे जोडता आले नाहीत तुला?

मास्तर : म्हणजे… माझं नाव दिलंयस?

गोळी : नावं घ्यायला सुरुवात झाली त्याच दिवशी. तिघींची एकदम.

मास्तर : मला न विचारता?

गोळी : दोनदा विचारलं होतं. हे तिसऱ्यांदा. येतेस?

मास्तर : तो रस्ता…

गोळी : माहितीय. म्हणूनच बुधवारी बोलले नाही. नाही म्हणायला तुला चार दिवस मिळाले असते. आता पाऊण तासच आहे. जिथे नकोसं होईल तिथे थांबू, उलटं फिरू, टाकीच्या सावलीत बसू. तुझ्याशिवाय मला त्या फाटकातून आत जायचं नाही. डॉक्टर खाली गाडीत आहेत.

मास्तर : थांब, मी माझा एखादा कुडता घालते.

गोळी : नंबर याच्यावर छापलाय. का गं, याला काय झालं?

मास्तर : याला काय होणार.

गोळी : मग?

मास्तर : दे इकडे. घालते. भोगा आता.

गोळी : काय म्हणालीस?

मास्तर : काही नाही. बूट शोधतेय.

*

(पाण्याच्या टाकीजवळ. बाकीचे धावणारे पुढे निघून गेलेले. तिघी थांबतात.)

गोळी : तू अशी का पळतेयस मघापासून?

मास्तर : कशी?

गोळी : कोंबडीसारखी. कोपरं बाहेर काढून.

मास्तर : प्रत्येकाची एक ढब असते.

डॉक्टर : हात सैल सोडा, अंगाजवळ.

मास्तर : अंगाजवळ यायला तयार नाहीत ते.

डॉक्टर : बघू जरा. बाप रे. अहो, काखेत सगळं सोलवटलंय. कसं पळालात इतकं?

गोळी : दाखव. हा मुंढा कोणी शिवला?

मास्तर : मशीनने.

गोळी : मास्तर.

मास्तर : मापात गडबड झाली असेल.

गोळी : बावीस वर्षांत तुझा मुंढा कोणाला काचलेला ऐकला नाही मी. वीज गेलेली असताना शिवलेलासुद्धा नाही. आणि स्वतःच्या मापात गडबड?

मास्तर : स्वतःचं आहे हे कुठे माहीत होतं मला.

गोळी : म्हणजे?

मास्तर : म्हणजे अर्धा इंच आत घेतला. दोन्हीकडे. मुद्दाम. म्हटलं, कोण कुठली, येऊन बसतेय आमच्या बाकावर, तर हलवू दे हात पाच किलोमीटर. झालं समाधान? हसा आता दोघी.

गोळी : मी नाही हसत.

मास्तर : त्या हसतायत.

डॉक्टर : नाही, नाही. हो. मला फॅशन म्हणालात हो तुम्ही.

गोळी : आणि डॉक्टरांचा? त्यांच्याही टीशर्टला काही केलंस का?

मास्तर : केलं होतं. बुधवारी रात्री त्यांचाही आत घेतला. सकाळी उसवून सरळ केला.

डॉक्टर : का?

मास्तर : तुमच्या चिठ्ठीच्या मागे लिहिलं होतं, ‘सवडीने करा, घाई नाही.’ इतकी वर्षं मशीन चालवतेय, असं कोणी लिहिलेलं पाहिलं नव्हतं. सगळ्यांना काल हवं असतं. मग कसं ठेवणार तसं?

गोळी : आणि चौदा नंबरवाली राहिली तुझ्या तावडीत.

मास्तर : तिने चिठ्ठीच पाठवली नव्हती.

डॉक्टर : इथे उसवता येईल का? की कापड कापून टाकलंत आतलं?

मास्तर : कापलं नाही. कात्री घेतली होती हातात, पण होईना. शिवणीच्या आत मायेला सोडलंय तसंच. कमरेच्या पिशवीत छोटी कात्री आहे. पण माझीच काख मला कशी दिसणार?

गोळी : आण, मी करते.

मास्तर : तू नको. तू बटण लावतेस तर बोट शिवून घेतेस.

डॉक्टर : मी करू?

मास्तर : करा. करा तुम्हीच.

डॉक्टर : इकडे उजेडाकडे वळा. हात वर घ्या. हलू नका. आणि दुखलं तर हात वर करा.

मास्तर : वरच आहे की तो.

डॉक्टर : सवय हो तोंडाची. केवढी बारीक टीप घातलीत. रागात माणूस एवढं बारीक शिवतं?

मास्तर : राग एकीकडे, टीप एकीकडे.

गोळी : लागत नाही ना?

मास्तर : नाही. हात हलका आहे त्यांचा. हलका आहे म्हटलं म्हणून लगेच हुरळू नका. अजून डावी बाजू राहिलीय.

डॉक्टर : झाली तीही. हात फिरवून बघा.

मास्तर : सगळे पोचले असतील आतापर्यंत.

गोळी : पोचू देत. मशीनला काय, आपण कितव्या आलो ते.

मास्तर : ते वळण घेतलं की फाटक दिसतं, ना?

गोळी : दिसतं. थांबायचंय?

मास्तर : बाक आहे अजून?

गोळी : आहे. मी बघून आले परवा. हिरवा रंग दिलाय त्याला.

मास्तर : हिरवा. यांना हिरवा अजिबात आवडायचा नाही. म्हणायचे, इस्पितळात सगळं हिरवंच का असतं, आपण काय गुरं आहोत?

गोळी : आणि सिस्टर हसायची.

मास्तर : हसायची. दाबून हसायची, पण हसायची.

डॉक्टर : मी पुढे होते. तुम्ही दोघी या सावकाश.

मास्तर : पुढे कुठे? नावं तिघींची एकदम दिलीत ना? बाकावर तिघी मावतात. आम्ही चौघं बसलोय एकदा, पावसात. पळायचं मात्र नाही आता. चालत जाऊ.

गोळी : चला मग.

मास्तर : थांब गं. तुझा टीशर्ट असा का लोंबतोय? खांद्यावरून पार उतरलाय.

गोळी : तूच शिवलास. छत्तीसने.

मास्तर : छत्तीस कुठे राहिलीस तू? ही गळ्याची हाडं कधी वर आली? रोज तुला बघते मी.

गोळी : रोज कुठे बघतेस. रोज रागावतेस. बुधवारी म्हटलं होतं, माप घे.

मास्तर : संध्याकाळी ये दुकानात. टेप लावून घेते.

गोळी : टेप तर अनोळखी माणसांसाठी असते ना?

मास्तर : ये तू. साखर नाही घालणार.